खेळ उघडून पाहणारी मुलं

१९७१च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात आठवीच्या एका वर्गाला इतिहासाच्या तासाला नवलच पाहायला मिळालं. वर्गात टेलिटाइप यंत्र आणून ठेवलं होतं. त्याला टाइपरायटरसारख्या कळा होत्या, पडदा मात्र नव्हता. उत्तर यायचं ते खडखडत, कागदाच्या गुंडाळीवर छापून. टेलिफोनच्या तारेने ते दूरच्या एका संगणकाला जोडलेलं होतं. एकोणिसाव्या शतकात बैल जुंपलेल्या गाड्या घेऊन मिसूरीहून ओरेगॉनकडे निघालेल्या कुटुंबांचा प्रवास मुलांनी करायचा होता. अन्नावर किती खर्च करायचा, दारूगोळ्यावर किती, हे त्यांनीच ठरवायचं. शिकारीची वेळ आली की ‘बँग’ हा शब्द झटपट आणि बिनचूक टाइप करायचा. हात रेंगाळला की सावज निसटलं.

हा खेळ डॉन रॉविच या शिकाऊ शिक्षकाने बिल हायनेमन आणि पॉल डिलेनबर्गर या आपल्या दोन खोलीसोबत्यांबरोबर सुमारे दोन आठवड्यांत रचला होता. सत्र संपलं तेव्हा रॉविचने संगणकावरून तो पुसून टाकला, पण त्याआधी अख्खा प्रोग्रॅम कागदावर छापून घेतला. १९७४मध्ये मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेत त्याला काम मिळालं. तिथे तो कागद समोर ठेवून त्याने ओळ न् ओळ पुन्हा टाइप केली. त्या प्रवाशांच्या जुन्या रोजनिशा वाचल्या आणि वाटेत आजार, अपघात, वादळ यांची शक्यता किती धरायची हे त्यांतून नव्याने बसवलं. १९७८मध्ये ‘क्रिएटिव्ह कम्प्युटिंग’ मासिकाने हा प्रोग्रॅम छापला आणि ज्याच्याकडे संगणक होता त्या कुणालाही ‘ओरेगॉन ट्रेल’ स्वतः टाइप करून घेता येऊ लागला.

साधे खेळ आणि छोटी ॲप बनवायला सर्वसामान्य माणसं कशी शिकली, याचा इतिहास साठ वर्षांचा आहे. त्या इतिहासात पुढे काय काय घडलं ते समजून घ्यायला हा कागद फार उपयोगी पडतो. खेळ तेव्हा वाचता येत होता. जो खेळायचा त्याला आतली घडणही दिसायची आणि हात घालून बदलताही यायची. खेळणं आणि घडवणं यांतलं अंतर जेव्हा जेव्हा कमी झालं, तेव्हा तेव्हा शिकणाऱ्यांची एक नवी पिढी उभी राहिली. अंतर वाढलं तेव्हा शिकणारे मूठभर उरले. मोबाइलच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी वीस वर्षांच्या आत घडल्या.

सुरुवात मात्र मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजात बेसिक या भाषेतला पहिला प्रोग्रॅम चालला. बुडापेस्टमध्ये जन्मलेले गणिती जॉन केमेनी आणि त्यांचे सहकारी थॉमस कर्ट्झ यांची ही निर्मिती. संगणक म्हणजे तेव्हा तज्ज्ञांच्या ताब्यातलं यंत्र. इतरांनी पंच केलेली कार्डं नेऊन द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची. केमेनी आणि कर्ट्झ यांचं म्हणणं होतं की साहित्य किंवा इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही यंत्रासमोर बसून थेट काम करता आलं पाहिजे. म्हणून त्यांनी भाषेतले शब्द साध्या इंग्रजीतले ठेवले आणि एकच संगणक एकाच वेळी अनेकांना वापरता येईल अशी व्यवस्था केली. १९६५मध्ये डार्टमथने फुटबॉलमध्ये प्रिन्स्टनला हरवल्यावर केमेनींनी स्वतः बेसिकमध्ये फुटबॉलचा खेळ लिहिला. भाषेचा जनकच खेळ लिहायला बसला, तेव्हा विद्यार्थ्यांनी मागे राहण्याचं कारण नव्हतं.

या भाषेत शिकणारा बहुधा पहिला खेळ लिहायचा तो आकडा ओळखण्याचा. संगणक १ ते १०० मधला एक आकडा मनात धरतो. खेळणारा अंदाज सांगतो. संगणक ‘मोठा आहे’ किंवा ‘लहान आहे’ असं उत्तर देतो, आणि बरोबर आला की थांबतो. सगळा प्रोग्रॅम दहाएक ओळींचा. पण त्या दहा ओळींत मनात धरलेला आकडा साठवायची जागा येते, तो आकडा अवचित निवडण्याची युक्ती येते, ‘असं असेल तर तसं कर’ ही अट येते आणि पुन्हा पुन्हा तेच करायला लावणारं चक्र येतं. थोडं खेळल्यावर मुलांच्या ध्यानात येतं की दर वेळी मधोमधचा आकडा सांगितला तर जास्तीत जास्त सात अंदाजांत उत्तर सापडतं. मग कुणीतरी प्रोग्रॅममध्ये १००च्या जागी १,००० करतं आणि चकित होतं, कारण दहापट आकडे झाले तरी अंदाज सातावरून दहावरच गेलेले असतात. संगणकशास्त्रातली एक मोठी कल्पना इथे फळ्यावर न लिहिता कळून जाते.

असे खेळ गोळा करण्याचं काम डेव्हिड अहल यांनी केलं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या शिक्षण विभागात असताना त्यांनी वेगवेगळ्या शाळा-कॉलेजांतून आलेले प्रोग्रॅम जमवले आणि १९७३मध्ये ‘१०१ बेसिक कम्प्युटर गेम्स’ हे पुस्तक काढलं. त्यातल्या चंद्रावर यान उतरवण्याच्या खेळाचं मूळ मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन हायस्कूलमध्ये आहे. अपोलो ११ चंद्रावर उतरलं त्याच वर्षी, १९६९च्या शरद ऋतूत, जिम स्टोरर या शाळकरी मुलाने तो लिहिला होता. यानाचा वेग, उंची आणि उरलेलं इंधन एवढेच आकडे छापले जात आणि पुढच्या १० सेकंदांत किती इंधन जाळायचं ते खेळणाऱ्याने सांगायचं. पडद्यावर चित्र नाही, आवाज नाही, तरी हा खेळ पुढची कित्येक वर्षं मुलांना खिळवून ठेवत राहिला. १९७८मध्ये अहल यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली आणि दहा लाख प्रती खपणारं ते संगणकावरचं पहिलं पुस्तक ठरलं.

मग संगणक घरात आला. १९७७च्या ॲपल टू या संगणकाला रंग आणि खेळायची गोल बटणं मिळाली, त्यामागेही एक खेळच होता. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी अटारी कंपनीसाठी ‘ब्रेकआउट’ हा विटा फोडण्याचा खेळ चिप जोडून जोडून बनवला होता. तोच खेळ बेसिकमध्ये लिहिता आला पाहिजे, या हट्टापायी त्यांनी आपल्या यंत्रात हव्या त्या सोयी घातल्या. बेसिकमध्ये तो अर्ध्या तासात हवा तसा बदलता येतो हे त्यांना दिसलं, आणि त्याचा आनंद ते पुढेही वारंवार सांगत आले.

ब्रिटनमध्ये याची लाटच उसळली. १९८१च्या अखेरीस ॲकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो आला, जानेवारी १९८२मध्ये बीबीसी दूरदर्शनवर संगणक शिकवणारी मालिका सुरू झाली आणि एप्रिलमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आला. त्याचं साधं मॉडेल १२५ पौंडांना होतं. या यंत्रांची गोम अशी की बटण दाबताच समोर बेसिक यायचं. लुकलुकणारा कर्सर आणि मोकळी जागा, बस्स! खेळायचं असेल तरी आधी एखादी आज्ञा टाइप करावी लागे.

दर महिन्याला मासिकांत खेळांचे प्रोग्रॅम छापून यायचे. बहीण एकेक ओळ वाचणार, भाऊ टाइप करणार, असं घरोघर चालायचं. शेवटी आकड्यांच्या लांबलचक रांगा असायच्या. त्यांत एक स्वल्पविराम चुकला तरी खेळ बंद पडायचा. ‘कम्प्युट’ मासिकाच्या प्रकाशकांनी १९८३मध्ये प्रत्येक ओळीची बेरीज तपासून देणारा एक छोटा प्रोग्रॅमच वाचकांना दिला, इतक्या चुका होत. पण खरं शिक्षण त्या चुका शोधतानाच झालं. खेळ का चालत नाही हे हुडकायला प्रत्येक ओळ काय करते ते समजून घ्यावं लागे, आणि ते समजलं की पुढची पायरी ठरलेलीच: तीनऐवजी तीस जीव, शत्रूचा वेग निम्मा, राक्षसाला शेजारच्या मुलाचं नाव. मॅथ्यू स्मिथने १९८३मध्ये स्पेक्ट्रमवर ‘मॅनिक मायनर’ हा गाजलेला खेळ बनवला तेव्हा तो १७ वर्षांचा होता.

बीबीसी मायक्रोचा धागा भारतापर्यंत येतो. १९८४-८५मध्ये भारत सरकारने शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला. प्रारंभी सुमारे २५० शाळा निवडल्या आणि त्यांत बीबीसी मायक्रो यंत्रं बसवली. शाळेच्या एका खोलीत, चपला बाहेर काढून, पंख्याखाली बसून बेसिकची पहिली ओळ लिहिणारी भारतीय मुलं या काळातली. याच ॲकॉर्न कंपनीत बीबीसी बेसिक लिहिणाऱ्या सोफी विल्सन आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फर्बर यांनी पुढच्या संगणकासाठी आर्म नावाचा प्रोसेसर आखला. तो २६ एप्रिल १९८५ रोजी पहिल्यांदा चालला. आज हाती असलेला जवळजवळ प्रत्येक मोबाइल त्याच कुळातल्या प्रोसेसरवर चालतो. मुलांना बेसिक शिकवण्यासाठी जन्मलेल्या यंत्राच्या पोटी मोबाइलचा मेंदू जन्माला आला, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं.

भारतात पुष्कळांना खेळ उघडून पाहण्याची पहिली संधी मिळाली ती नव्वदच्या दशकात. १९९१च्या डॉस ५ सोबत मायक्रोसॉफ्टने क्यूबेसिक दिलं आणि त्यात नमुन्यादाखल दोन खेळ होते. एकात दोन गोरिले उंच इमारतींच्या गच्चीवर उभे राहून एकमेकांवर फुटणारी केळी फेकत, दुसऱ्यात साप आकडे खात खात लांब होत जाई. दोन्ही खेळांची फाइल उघडली की आधी प्रोग्रॅम दिसायचा आणि मग तो चालवायचा. गोरिल्यांच्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर लिहिणाऱ्याने एक टीप ठेवली होती: खेळ फार हळू किंवा फार भराभर चालत असेल तर खाली वेगाची ओळ आहे, तिथला ५०० हा आकडा बदला. खेळ सुरू करतानाच गुरुत्वाकर्षण किती हवं तेही विचारलं जाई आणि पृथ्वीचं ९.८ असतं, अशी आठवण कंसात दिलेली असे. तिथे १.६ टाकलं की केळं चंद्रावरच्यासारखं तरंगत जायचं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला एक आकडा आपण बदलतो आणि समोरचं जग बदलतं, हा अनुभव शाळेतल्या दुसऱ्या कोणत्याही तासाला मिळत नसे.

तोच साप १९९७च्या अखेरीस फोनमध्ये शिरला. नोकियाच्या तानेली अर्मांतो यांनी ६११० या मॉडेलसाठी ‘स्नेक’ लिहिला. नंतर ३३१० आणि ११०० या फोनांमुळे तो रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांच्या खिशात पोहोचला. पण हा साप बंदिस्त होता. त्याचा वेग कोणत्या ओळीत ठरतो ते पाहायची सोय नव्हती. फोन हातात, खेळ हातात, आणि दोन्हीच्या आत जायला दार नाही. सत्तरच्या दशकापासून शिकणाऱ्यांना जे सहज मिळत आलं होतं ते इथे थांबलं. घरोघरी पोहोचलेल्या या छोट्या संगणकावर त्याच्यासाठीच काही लिहिता येत नव्हतं.

फोनसाठी लिहिण्याची पहिली मोठी वाट जावा या भाषेतून गेली. सन कंपनीने १९९९मध्ये छोट्या उपकरणांसाठी जावाची आटोपशीर आवृत्ती जाहीर केली. तिची साधनं फुकट होती, पण लिहायचं संगणकावर आणि चालवायचं फोनवर. नोकियाच्या सुरुवातीच्या रंगीत फोनांत एका खेळाला ६४ किलोबाइटची मर्यादा होती. आज व्हॉट्सॲपवर येणारा सकाळचा गुलाबाच्या फुलाचा फोटोही त्याहून मोठा असतो. एवढ्या जागेत चित्रं, आवाज आणि प्रोग्रॅम सगळं बसवायचं. त्यातून प्रत्येक हँडसेटचा पडदा निराळा, कळांचे क्रमांक निराळे, आवाजाची पद्धत निराळी. एक खेळ तयार झाला की तो दर मॉडेलवर बसवून देणं, म्हणजे पोर्टिंग, हाच मोठा उद्योग होऊन बसला.

या उद्योगाचं एक ठाणं मुंबई होतं. विशाल गोंडल यांनी १९९९मध्ये सुरू केलेल्या इंडियागेम्सने क्रिकेटचे आणि चित्रपटांवरचे मोबाइल खेळ बनवले. २००७मध्ये यूटीव्हीने त्या कंपनीतला मोठा हिस्सा विकत घेतला. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी तरुण-तरुणींनी खेळ बनवण्याचा धडा अशा कंपन्यांच्या टेबलावर गिरवला, टेबलावर ओळीने मांडलेल्या हँडसेटवर तोच खेळ पुन्हा पुन्हा तपासत. घरी बसून शिकणाऱ्याला मात्र हा मार्ग कठीण होता. खेळ बनवला तरी तो लोकांपर्यंत न्यायचा तर मोबाइल सेवा कंपनीच्या यादीत जागा मिळवावी लागे आणि पैशांतला मोठा वाटा तिचाच असे. एकट्यादुकट्या मुलाला तिथे कोण विचारणार?

आयफोनने हे दार किलकिलं केलं, तेही एकदम नव्हे. २००७मध्ये फोन आला तेव्हा बाहेरच्यांना त्यावर ॲप लिहायची परवानगीच नव्हती. मार्च २००८मध्ये ॲपलने साधनं दिली आणि १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲपनिशी ॲप स्टोअर उघडलं. विक्रीतले ७० टक्के बनवणाऱ्याला, वर्षाची फी ९९ डॉलर. मोबाइल कंपनीची दारं न ठोठावता जगभर विकण्याची सोय आता हाताशी आली होती.

मात्र त्या पहिल्या काही महिन्यांतली एक गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात नोंदवायलाच हवी. साधनं घेताना प्रत्येकाला गुप्ततेचा करार मान्य करावा लागे. त्यामुळे आयफोनवर प्रोग्रॅम कसा लिहायचा याबद्दल जाहीर बोलायला बंदी होती! तयार पुस्तकं प्रकाशकांकडे अडकली, एकमेकांना उत्तरं देणं अवघड झालं. दुकान उघडून विक्री सुरू झाली तरी ही स्थिती कायम होती. १ ऑक्टोबर २००८ रोजी ॲपलने ही अट सैल केली. शिकणारा माणूस शिकतो तो दुसऱ्याने लिहिलेलं पाहून आणि अडलेलं विचारून. तेवढंच या करारात वर्ज्य होतं.

बांध फुटल्यावर पाणी कसं धावलं ते पुढच्या वर्षी दिसलं. २००९मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने आयफोन प्रोग्रॅमिंगच्या वर्गाची व्याख्यानं आयट्यून्सवर विनामूल्य ठेवली. ॲपलमधलेच अभियंते शिकवत होते. सात आठवड्यांत ती दहा लाख वेळा उतरवून घेतली गेली. विद्यापीठाची पायरी न चढता त्याच्या वर्गात बसणारे विद्यार्थी जगभर पसरले होते.

त्यांच्यामागून मुलंही आली. युटा राज्यातल्या स्पॅनिश फोर्क या गावी रॉबर्ट ने नावाच्या १४ वर्षांच्या मुलाने २०१०च्या डिसेंबरअखेर ‘बबल बॉल’ हा खेळ प्रसिद्ध केला. चेंडू उतरणीवरून घरंगळत झेंड्यापर्यंत पोहोचवायचा, एवढाच खेळ. अडलं की तो गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन माहिती शोधायचा. काही पातळ्या त्याच्या आईने आखून दिल्या. कोरोना नावाच्या साधनात भौतिकशास्त्राची गणितं आधीच तयार असल्यामुळे गुरुत्वाकर्षण किंवा टक्कर त्याला शून्यातून लिहावी लागली नाही. दोन आठवड्यांत खेळ वीस लाखांवर लोकांनी उतरवून घेतला आणि मोफत खेळांच्या यादीत ‘अँग्री बर्ड्स’ला त्याने मागे टाकलं.

व्हिएतनाममधल्या हनोईच्या न्गुयेन हा डोंगची गोष्ट याहून गाजली. मे २०१३मध्ये त्याने ‘फ्लॅपी बर्ड’ बाजारात आणला, काही दिवसांत लिहिलेला. महिनोन् महिने कुणी विचारलं नाही. जानेवारी २०१४मध्ये तो जगभर पहिल्या क्रमांकावर पोहोचला. प्रसिद्धीचा ताण असह्य होऊन ९ फेब्रुवारी २०१४ रोजी डोंगने स्वतःच तो काढून घेतला. यानंतर जे घडलं ते शिकणाऱ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचं आहे. नक्कल केलेल्या खेळांचा पूर आला. त्यातले पुष्कळ पैशांसाठी होते हे खरं, पण अनेक शिकाऊ मुलांचा तो पहिला सराव होता. कारण या खेळाची घडण विलक्षण साधी आहे. नळांच्या फटींतून उडवत न्यायच्या पक्ष्याची उंची आणि वेग हे दोन आकडे. दर क्षणाला वेगात थोडं गुरुत्वाकर्षण मिसळायचं, बोट टेकलं की वेग वरच्या दिशेचा करून पक्षी वर उडवायचा. नळ डावीकडे सरकत राहतात, त्यांच्यातली फट कुठे असेल ते संगणक अवचित ठरवतो, आणि पक्ष्याची चौकट नळाच्या चौकटीला शिवली की खेळ संपतो. आकडा ओळखण्याच्या खेळातल्या साऱ्या गोष्टी इथे आहेत, फक्त त्या हलताना दिसतात. कोड डॉट ऑर्ग या संस्थेने त्याच महिन्यात मुलांसाठी असा खेळ स्वतः जुळवण्याचा धडा दिला. त्यात गुरुत्वाकर्षण बदलता येतं, पक्ष्याच्या जागी दुसरं काही उडवता येतं. क्यूबेसिकच्या गोरिल्यांनी दिलेली मोकळीक तेवीस वर्षांनी परत आली होती.

संगणकाची भाषा न शिकलेल्यांसाठी आणखी एक वाट तोवर तयार झाली होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक हॅल ॲबल्सन यांनी ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर ॲपल टू संगणकावर लोगो ही मुलांची भाषा आणण्याच्या कामाचं नेतृत्व केलं होतं. तेच गृहस्थ अभ्यासरजा घेऊन गूगलमध्ये असताना त्यांनी ॲप इन्व्हेंटरची कल्पना पुढे आणली. जुलै २०१०मध्ये गूगलने ते जाहीर केलं, पुढे सोडून दिलं, आणि मार्च २०१२पासून ते ॲबल्सन यांच्या संस्थेतून लोकांना खुलं झालं. यात टाइप करायचं जवळजवळ काहीच नाही. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. चुकीच्या जागी ते बसतच नाहीत, त्यामुळे स्वल्पविरामाची भीती उरत नाही.

त्याच्या सुरुवातीच्या धड्यांतला एक मांजराचा. एक बटण ठेवायचं, त्यावर मांजराचं चित्र लावायचं, म्याँवचा आवाज जोडायचा. मग ‘बटण दाबलं की’ या ठोकळ्याच्या पोटात ‘आवाज वाजव’ हा ठोकळा बसवायचा. पुढची पायरी म्हणजे फोन हलवला तरी म्याँव. संगणकाच्या पडद्यावरचा चौकोनी कोड फोनने टिपला की ॲप लगेच फोनवर येतं, आणि संगणकावर केलेला बदल त्याच क्षणी हातातल्या फोनमध्ये दिसतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय इतर सगळ्या सोयींहून मोठी आहे. आपण बनवलेली वस्तू आपल्या खिशात राहते आणि ती मधल्या सुट्टीत मैत्रिणीला दाखवता येते.

मुंबईच्या धारावीत हे प्रत्यक्ष घडलं. ‘धारावी डायरी’ हा माहितीपट करणारे नवनीत रंजन यांनी तिथे मुलींसाठी शिकण्याचं केंद्र सुरू केलं. भाड्याच्या छोट्याशा खोलीत, मोजके लॅपटॉप वाटून घेत, ऑनलाइन धडे पाहत शाळकरी मुली ॲप इन्व्हेंटर शिकल्या. त्यांनी बनवलेलं ‘विमेन फाइट बॅक’ हे ॲप संकटात असलेल्या स्त्रीला एका बटणावर ओळखीच्यांना संदेश आणि आपलं ठिकाण कळवू देतं. दुसरं ॲप पाण्याचं: सार्वजनिक नळावर नंबर लावायचा आणि आपली पाळी आली की फोनवर कळायचं, म्हणजे हंडे घेऊन तासन् तास उभं राहायला नको आणि शाळाही बुडायला नको. रोजच्या जगण्यातला काच ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याच हाती साधन गेलं, म्हणून अशी ॲप जन्माला आली. मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या बैठकीत ‘नळावरची रांग’ हा विषय निघाला असता, असं वाटत नाही.

वयाचीही आडकाठी उरली नाही. जपानमध्ये बँकेतून निवृत्त झालेल्या मासाको वाकामिया यांना वृद्धांना जमतील असे खेळ सापडेनात, तेव्हा दूर राहणाऱ्या एका शिक्षकाकडून इंटरनेटवरून शिकत त्यांनी बाहुल्यांच्या पारंपरिक सणावर ‘हिनादान’ हा खेळ बनवला. २०१७मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी ॲपलच्या वार्षिक मेळाव्यात त्यांना खास निमंत्रण होतं.

भारतात या सगळ्याला जोर आला तो २०१६नंतर. त्या वर्षी जुलैमध्ये गूगलने तीन वर्षांत २० लाख भारतीयांना अँड्रॉइड शिकवण्याची घोषणा केली आणि सप्टेंबरात जिओने डेटा स्वस्त केला. एरवी महागडा वाटणारा तासाभराचा व्हिडिओ आता तालुक्याच्या गावी सहज पाहता येऊ लागला. मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम त्याआधीपासूनच चालू होता. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारातून दहाएक मिनिटांचे छोटे पाठ तयार झाले आणि त्यांतल्या लिनक्स, सी, जावा अशा विषयांचे आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत भरले गेले. पद्धत अशी की पडद्याच्या एका बाजूला पाठ चालू ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करत जायचं. इंग्रजी ऐकून बिचकणाऱ्या मुलाला हे पाठ फार मोठा आधार देतात, आणि ते अजून पुरेशा शाळांपर्यंत पोहोचलेले नाहीत ही खेदाची बाब आहे.

एक अडचण मात्र आजही तशीच आहे. आपल्याकडे असंख्य घरांत संगणक नाही. आहे तो फोनच, तोही बहुतेक वेळा आई-वडिलांचा. अँड्रॉइड स्टुडिओसारखं साधन दणकट लॅपटॉप मागतं. फोनवरच अँड्रॉइडचे प्रोग्रॅम लिहू देणारी एआयडीईसारखी ॲप आली, त्यांवर बोटाने टाइप करत शिकलेले तरुण आहेत. डिसेंबर २०२१मध्ये ॲपलने स्विफ्ट प्लेग्राउंड्सची चौथी आवृत्ती दिली, तिच्यातून आयपॅडवरच ॲप लिहून थेट स्टोअरकडे पाठवता येतं. पण आयपॅड किती घरांत आहे? दुसरीकडे प्रसिद्ध करण्याची वाट अरुंद होत चालली आहे. गूगल प्लेची फी २५ डॉलर, एकदाच. पण १३ नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आधी परीक्षक जमवून सलग १४ दिवस ॲप तपासून घ्यावं लागतं. सुरुवातीला २० परीक्षक हवे होते, पुढे ती संख्या १२वर आली. फसवी ॲप रोखायला हे नियम आवश्यक असतील. तरीही गावात एकट्याने शिकणाऱ्या मुलीने बारा अँड्रॉइड फोनवाले कुठून आणायचे, याचा विचार तिच्या शिक्षकांनी करायला हवा.

महाराष्ट्रातल्या ज्या शाळांत संगणक कक्ष आहे तिथल्या शिक्षकांना आणि पालकांना म्हणून एक विनंती. कक्षाचा तास टाइपिंग आणि सादरीकरणाच्या स्लाइड यांतच संपवू नका. पहिल्या तासाला मांजराचं ॲप करून घ्या. दुसऱ्या तासाला मुलांना त्यातलं मांजर काढून आपल्या आवडीचं चित्र आणि स्वतःचा आवाज घालू द्या. मुलांनी पुढे काही प्रसिद्ध करायचं ठरवलं तर वर्गच परीक्षक होऊ शकतो. बारा जण तिथे सहज मिळतात. ॲप इन्व्हेंटर, तसंच ठोकळ्यांचं स्क्रॅच आणि स्पोकन ट्युटोरियल या तिन्हींना एक रुपयाही लागत नाही.